सुपर फॉर्म्युला समजून घ्यायचीय? आधी सुझुकाची एक लॅप मारा

फॉर्म्युला वन बघणाऱ्या बऱ्याच जणांच्या कानावर कधीतरी जपानच्या ‘सुपर फॉर्म्युला’ या रेसिंग स्पर्धेचं नाव पडतं. पिएर गॅस्ली तिथे होता, लियाम लॉसन तिथे होता, अमेरिकेतली इंडिकार मालिका गाजवणारा अ‍ॅलेक्स पालोसुद्धा त्याआधी तिथेच होता. मग एखाद्या रविवारी माणूस यूट्यूबवर हायलाइट्स लावतो. जपानी समालोचन, सगळ्या गाड्या एकसारख्या, ड्रायव्हरांची नावं लक्षात राहात नाहीत, आणि दहा मिनिटांत मोबाइल खाली ठेवला जातो. माझंही दोनदा असंच झालं.

तिसऱ्यांदा मात्र मी टिकलो, कारण मधल्या काळात हीच गाडी मी गेममध्ये चालवली होती. चालवली म्हणजे काय, आपटली होती. म्हणून नवख्यांना माझा सल्ला उलटा आहे: आधी बघू नका, आधी चालवा. या स्पर्धेत सगळ्यांची गाडी जवळपास एकच असते. फरक असतो तो हातापायांत, आणि तो नुसता बघून कळत नाही.

पायरी १: गाडीची ओळख करून घ्या

इतिहास थोडक्यात. जपानमध्ये १९७३ पासून सिंगल-सीटर गाड्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होते. नाव बदलत गेलं. आधी फॉर्म्युला २०००, मग फॉर्म्युला टू, १९८७ पासून फॉर्म्युला ३०००, १९९६ पासून फॉर्म्युला निप्पॉन, आणि २०१३ पासून सुपर फॉर्म्युला. युरोपातून अडलेले, पैसे संपलेले किंवा अजून संधी न मिळालेले ड्रायव्हर इथे येऊन हात साफ करून गेले. राल्फ शुमाकर १९९६ चा विजेता, पेद्रो दे ला रोसा १९९७ चा. मिशाएल शुमाकरनंही १९९१ मध्ये सुगो सर्किटवर एक रेस केली आणि दुसरा आला.

आताची गाडी म्हणजे इटलीच्या डलारा कंपनीचा सांगाडा. २०१४ ते २०१८ एसएफ१४, त्यानंतर एसएफ१९, आणि २०२३ पासून एसएफ२३. गेममध्ये तुम्हाला एसएफ१९ आणि एसएफ२३ भेटतील, म्हणून ही दोन नावं लक्षात ठेवा. इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो, होंडा किंवा टोयोटाचं, ताकद साधारण ५५० हॉर्सपॉवर. टायर सगळ्यांना योकोहामाचेच. ड्रायव्हर धरून वजन पावणेसातशे किलोच्या आसपास. आपल्याकडची साधी हॅचबॅक याहून जड असते.

जपानच्या सुझुका सर्किटवर ही गाडी पात्रता फेरीत, म्हणजे रेसला कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या फेरीत, १ मिनिट ३५-३६ सेकंदांत लॅप, म्हणजे सर्किटची एक फेरी, मारते. फॉर्म्युला वनची गाडी तिथे १ मिनिट २७ च्या आसपास. म्हणजे आठ-नऊ सेकंदांचा फरक. पण वळणात दोघींचं अंतर पुष्कळ कमी होतं. फॉर्म्युला वन बरीचशी पुढे जाते ती सरळ रस्त्यावर, इंजिनाच्या जोरावर. सुपर फॉर्म्युलाची गाडी हलकी आहे आणि तिला वळणं आवडतात. हे एक वाक्य डोक्यात असलं की रेस बघताना नजर आपोआप योग्य जागी जाते.

पायरी २: गेम कोणता घ्यायचा

दोनच सरळ पर्याय आहेत.

प्लेस्टेशन असेल तर ग्रॅन टुरिस्मो ७. काझुनोरी यामाउची आणि त्यांच्या पॉलिफोनी डिजिटलनं १९९७ मध्ये सुरू केलेल्या मालिकेतला हा गेम. एसएफ१९ आधीच्या ग्रॅन टुरिस्मो स्पोर्टमध्ये आली, एसएफ२३ ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये. दोन्ही गाड्या होंडा आणि टोयोटा अशा वेगवेगळ्या मिळतात. सुझुका, फुजी आणि ऑटोपोलिस ही तीन खरी सर्किटं त्यात आहेत, आणि प्रत्यक्ष स्पर्धाही या तिन्ही ठिकाणी जाते. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. गेम माफ करणारा आहे, आणि दिवसभराचं काम आटपून रात्री अर्धा तास खेळायला बसलात तरी चालतं.

चांगला कॉम्प्युटर आणि थोडा संयम असेल तर आयरेसिंग. इथे वर्गणी भरावी लागते आणि बऱ्याच गाड्या, सर्किटं वेगळी विकत घ्यावी लागतात, त्यामुळे खिशाचा अंदाज घेऊन उतरा. २०२३ मध्ये त्यात एसएफ२३ आली, त्यानंतर धाकटी सुपर फॉर्म्युला लाइट्सही आली. लाइट्स म्हणजे जपानची जुनी फॉर्म्युला थ्री, २०२० पासून नव्या नावानं. सुझुका, फुजी, मोतेगी, ओकायामा अशी सर्किटं तिथे आहेत. आयरेसिंगच्या अधिकृत रेसमध्ये थेट मोठी गाडी हातात येत नाही, आधी लायसन्सच्या पायऱ्या चढाव्या लागतात. धडाधड आपटलात की लायसन्सची पायरी खाली येते, आणि लोक खरोखर चिडतात.

जुन्या असेटो कोर्सा या गेमवर हौशी लोकांनी बनवलेली मॉड, म्हणजे वरून जोडायच्या गाड्याही मिळतात. काही उत्तम, काही भंगार. ओळखीचा कोणी सुचवल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

पायरी ३: स्टिअरिंग, पेडल आणि टेबल

कंट्रोलरवर चालतं. हो, खरंच चालतं. माझा नाशिकचा भाचा सुट्टीत आला होता. मी महिनाभर स्टिअरिंगवर घाम गाळत होतो, त्यानं कंट्रोलर उचलला आणि तासाभरात माझी वेळ मोडली.

“मामा, तू इतकं गदागदा का फिरवतोस?” असं वर विचारलं.

प्रश्न बरोबर होता. फॉर्म्युला गाडीचं स्टिअरिंग फार कमी फिरतं. सुझुकाच्या हेअरपिनला, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या वळणालासुद्धा, हातावर हात जात नाही. गेमच्या सेटिंगमध्ये स्टिअरिंगचा कोन गाडीप्रमाणे आपोआप बदलू दिलात तर ठीक, नाहीतर ९०० अंश तसेच राहतात आणि तुम्ही ट्रक चालवल्यासारखे वळत बसता.

तरी शिकायचं असेल तर स्टिअरिंग घ्याच, कारण गाडी निसटायला लागली हे आधी तळहाताला कळतं. लॉजिटेकचं जी२९ किंवा जी९२३ सुरुवातीला पुरेसं आहे, जुनं मिळालं तरी उत्तम. जुनं घेताना दोन गोष्टी बघा. चाक डावी-उजवीकडे टोकापर्यंत फिरवा, मध्ये खरखर लागली तर सोडून द्या. आणि ब्रेकचं पेडल दाबा. त्याच्या आत रबराचा तुकडा असल्यामुळे ते मुद्दाम कडक असतं, त्याला बिघाड समजू नका. पुढे हेच कडक पेडल कामाला येणार आहे.

टेबल मात्र भक्कम हवं. मी स्टडी टेबलाला क्लॅम्प आवळला आणि तिसऱ्या दिवशी कडेची सनमायका उचकटली. आईनं बघितलं, काही बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी माझी पुस्तकं हॉलमध्ये आणून ठेवली. जाड प्लायवूडचा तुकडा क्लॅम्पखाली घाला. आणि चाकं असलेली ऑफिसची खुर्ची वापरू नका, ब्रेक दाबला की मागे जाता.

पायरी ४: आधी छोटी गाडी

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली, त्यामुळे पंधरा दिवस वाया गेले.

ग्रॅन टुरिस्मोत माझदा रोडस्टर घ्या आणि त्सुकुबा सर्किटवर जा. आयरेसिंगमध्ये माझदा एमएक्स-५ आणि रे एफएफ१६०० ही छोटी सिंगल-सीटर वर्गणीतच मिळते. एफएफ१६०० ला पंखच नसतात, त्यामुळे टायर किती धरतो ते उघडं दिसतं. एकामागोमाग दहा लॅप न घसरता काढायच्या, वेळेकडे बघायचं नाही. हे जमलं की पुढे. आठवडा पुरतो.

पायरी ५: ब्रेक नव्यानं शिका

रस्त्यावर आपण ब्रेक कसा मारतो? आधी हळू, मग गरजेप्रमाणे जोरात. सुपर फॉर्म्युलाच्या गाडीत हे नेमकं उलटं करायचं असतं.

कारण असं. गाडीचे पंख आणि तळ हवेच्या जोरानं तिला जमिनीवर दाबतात. वेग जास्त तितका दाब जास्त. २५० च्या वेगात टायर रस्त्याला इतके चिकटलेले असतात की पेडल पूर्ण ताकदीनं दाबलं तरी चाक अडकत नाही. पण वेग उतरला की तो दाबही उतरतो. आता तुम्ही तितक्याच जोरानं ब्रेक धरून ठेवलात तर पुढचं चाक जाम होतं, गाडी सरळ जाते आणि धूर निघतो. खऱ्या गाडीत चाक जाम होऊ न देणारं एबीएस नाही, चाक जागीच फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोलही नाही.

म्हणून पहिला ठोसा पूर्ण जोराचा, आणि मग वेगाबरोबर पाय हळूहळू वर. पातेल्यातलं दूध उतू जायला आलं की गॅस एकदम कमी करतो आणि मग थोडा थोडा करत बंद करतो, काहीसं तसं. वळायला लागलात तरी थोडासा ब्रेक शिल्लक ठेवायचा, म्हणजे गाडीचं नाक आत वळतं.

सराव कुठे करायचा? सुझुकाच्या अगदी शेवटी, कासिओ ट्रँगल नावाच्या शिकेनला. १३०आर या वेगवान वळणातून सुसाट आलेली गाडी तिथे उजवीकडे-डावीकडे अशा अरुंद वाटेनं काढायची असते. गेममध्ये एबीएस बंद करा आणि फक्त एवढ्या एका ब्रेकसाठी अर्धा तास द्या. सुरुवातीला प्रत्येक वेळी चाक जाम होईल. कधीतरी विसाव्या खेपेला गाडी शांतपणे आत जाईल, आणि तुमच्या लक्षात येईल की तुम्ही पेडल जसं सोडलंत त्यामुळे ते घडलं. तो क्षण आला की बाकीचं सोपं आहे, असं म्हणणार होतो. पण पुढे एस कर्व्ह आहेत.

पायरी ६: सुझुका, एकेक तुकडा

सुझुका १९६२ मध्ये सुरू झालं. होंडाचं सर्किट, नकाशा काढला हॉलंडच्या योहान्स हुगेनहोल्ट्स यांनी. लांबी ५.८०७ किलोमीटर. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी रचना आहे, त्यामुळे अर्धा रस्ता घड्याळाच्या दिशेनं आणि अर्धा उलट्या दिशेनं जातो, आणि मध्ये एका पुलाखालून जाऊन नंतर त्याच पुलावरून यावं लागतं.

पूर्ण लॅप एकदम शिकायचा प्रयत्न करू नका. चार तुकडे करा.

पहिलं आणि दुसरं वळण: सरळ रस्ता उताराचा आहे, पहिलं उजवं वळण वेगात घेता येतं, पण लगेच दुसरं आवळत जातं. म्हणजे वळता वळताच ब्रेक मारायचा. पाचव्या पायरीत शिकलेलं इथे लागतं.

मग एस कर्व्ह. डावं, उजवं, डावं, उजवं, आणि त्याला लागून डनलॉपचं लांब डावं, सगळं चढावर. इथे मी तुम्हाला थांबवतो, कारण सुपर फॉर्म्युला कळायची तर ती इथेच कळते. प्रत्येक वळणाची चूक पुढच्या वळणाच्या खात्यात जमा होते. पहिल्या डाव्या वळणात तुम्ही दोन किलोमीटरनं जास्त वेगात गेलात, तर बाहेर पडताना एक फूट रुंद जाता, मग उजव्या वळणाला उशिरा पोचता, मग तिथे आणखी रुंद, आणि चौथ्या वळणात तुम्ही गवतात असता. चूक पहिल्या वळणाची, शिक्षा चौथ्याला. माझं तर कित्येक दिवस हेच चालू होतं आणि मी दोष चौथ्या वळणाला देत होतो.

इलाज सोपा, पण मनाला पटायला कठीण: पहिलं वळण मुद्दाम हळू घ्या. आठवड्याभरासाठी ठरवा की एस कर्व्हमध्ये ब्रेक अजिबात लावायचा नाही, फक्त ॲक्सिलरेटर कमी-जास्त करायचा. स्टिअरिंग झटक्यानं नाही, एका लयीत. पाचही वळणं एकाच श्वासात झाली की वेळ आपसूक खाली येते. माझी लॅप त्या एकाच आठवड्यात दीड सेकंदानं कमी झाली, आणि मला तर आपण हळू चालवतोय असंच वाटत होतं.

तिसरा तुकडा डेग्नर. जर्मन मोटरसायकलस्वार एर्न्स्ट डेग्नर यांना इथे अपघात झाला, त्यांचंच नाव वळणाला मिळालं. पहिलं उजवं वेगवान, दुसरं उजवं एकदम काटकोनात, आणि बाहेर पडल्या पडल्या पुलाखाली. दुसऱ्या डेग्नरच्या बाहेरच्या कर्बवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या उंचवट्यावर, चाक गेलं की गाडी फिरते. तो कर्ब नाहीच असं समजून चालवा.

मग हेअरपिन, लांबलचक उजवा बाक, आणि स्पून. हे दुहेरी डावं वळण चमच्यासारखं दिसतं, म्हणून ते नाव. स्पूनमधून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर किती लवकर पूर्ण दाबता यावर पुढचा सगळा सरळ रस्ता ठरतो. घाई करून आत जाणारे इथे हरतात. शेवटी १३०आर, त्रिज्या १३० मीटर म्हणून ते नाव, आणि आपला ओळखीचा शिकेन.

सुझुका जमलं की फुजी अगदी वेगळी वाटेल. जवळजवळ दीड किलोमीटरचा सरळ रस्ता, आणि शेवटचा भाग किचकट, हळू. जपानी लोक सुगोला ‘तिथे राक्षस राहतो’ असं म्हणतात, कारण तिथे ऐन वेळी काहीतरी विचित्र घडून रेस उलटीपालटी होते. ते सर्किट ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये नाही, त्यामुळे तो राक्षस टीव्हीवरच बघा.

पायरी ७: ते बटण

स्टिअरिंगवर एक बटण आहे, त्याचं नाव ओव्हरटेक सिस्टीम, बोलताना ओटीएस. दाबलं की इंजिनात जाणारं इंधन वाढतं आणि काही हॉर्सपॉवर जास्त मिळतात. गेममध्येही हे बटण आहे. कोणी पहिल्यांदा पाहिलं की म्हणतो, हे तर गेमसारखं झालं! पण ते खऱ्या गाडीतूनच गेममध्ये आलंय.

फॉर्म्युला वनमध्ये कित्येक वर्षं चाललेल्या डीआरएसपेक्षा हे वेगळं. तिथे पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलात तरच पंख उघडायला परवानगी होती. इथे तुम्ही कधीही दाबू शकता, पुढचाही दाबू शकतो, बचावासाठीसुद्धा. पण साठा मर्यादित आहे. अलीकडच्या मोसमांत अख्ख्या रेससाठी २०० सेकंद मिळतात. आणि एकदा वापरून सोडलं की पुन्हा दाबता येण्याआधी जवळपास एका लॅपइतकं थांबावं लागतं.

आता हिशोब करा. रेसच्या वेगात सुझुकाची एक लॅप साधारण १०० सेकंदांची. म्हणजे साठा दोन लॅपचा, आणि रेस तीस-एक लॅपची. पुढच्यानं स्पूनमधून बाहेर पडताना बटण दाबलं आणि शिकेनपाशी सोडलं, तर पुढची लॅपभर तो उघडा पडला. मागचा शहाणा ड्रायव्हर नेमकी तीच वाट बघत असतो. एखादा पुढच्याला घाबरवून बटण दाबायला लावतो, स्वतः मात्र दाबत नाही, आणि त्याचं संपलं की पुढच्या लॅपला निघून जातो. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी जी डोळ्यांची लढाई चालते ना, तसंच काहीसं, फक्त २८० च्या वेगात.

गेममध्ये एक प्रयोग करा. पाच लॅपची रेस लावा आणि पहिल्याच लॅपला सगळं बटण संपवून टाका. शेवटच्या लॅपला मागून येणाऱ्याला अडवताना कसं वाटतं ते बघा. एकदा ते अनुभवलं की टीव्हीवर ड्रायव्हर बटण का जपून ठेवतोय ते समजावून सांगावं लागत नाही.

मधेच एक गोष्ट: नाकाजिमांची गाडी

गेम आणि खरी रेस यांचं नातं जपानमध्ये जुनं आहे. नामकोचा पोल पोझिशन १९८२ मध्ये आर्केडमध्ये आला तेव्हा त्यातला रस्ता होता फुजीचा, आणि गाडी होती फॉर्म्युलाची. पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागात सुझुका आलं.

मला त्यातही एका माणसाची गोष्ट आवडते. सातोरू नाकाजिमा. जपानी फॉर्म्युला टूचे पाच वेळचे विजेते. १९८७ मध्ये ते फॉर्म्युला वनमध्ये पूर्ण मोसम खेळणारे पहिले जपानी ड्रायव्हर झाले, लोटस संघात, आयर्टन सेनाच्या जोडीला. त्याच वर्षी सुझुकाला पहिल्यांदा फॉर्म्युला वन आली आणि नाकाजिमा सहावे आले. दुसऱ्या वर्षी त्यांचं नाव असलेला गेम निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती गेम यंत्राच्या कार्ट्रिजवर बाजारात होता.

पुढे त्यांनी स्वतःचा संघ काढला. आणि इथे आपला संबंध येतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसचं नाव बरीच वर्षं त्या संघावर होतं. २०१८ मध्ये टीसीएस नाकाजिमा रेसिंगच्या गाडीत बसत होता नारायण कार्तिकेयन, कोइम्बतूरचा, भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच संघातून अ‍ॅलेक्स पालो फुजीला जिंकला.

आज त्या संघाच्या नावापुढे पोनोस आहे, क्योटोची मोबाइल गेम बनवणारी कंपनी. आणि २०२५ पासून त्या संघात आहे इगोर फ्रागा. जन्म जपानच्या कानाझावाचा, देश ब्राझील. २०१८ मध्ये त्यानं मोनाकोला ग्रॅन टुरिस्मोची जागतिक नेशन्स कप स्पर्धा जिंकली. मग न्यूझीलंडची टोयोटा मालिका, युरोपची फॉर्म्युला थ्री, मध्ये पैशांअभावी आलेला खंड, जपानला येऊन सुपर फॉर्म्युला लाइट्स, आणि शेवटी नाकाजिमांची गाडी. १९८८ ला गेमच्या कार्ट्रिजवर ज्यांचं नाव होतं, त्यांच्याच संघात आता गेमचा विश्वविजेता बसतो.

त्याच्या आधी यान मार्डनबरो होता. २०११ ची जीटी अकॅडमी, म्हणजे निसान आणि सोनीनं गेमच्या खेळाडूंमधून खरे ड्रायव्हर निवडायची काढलेली स्पर्धा, त्यानं जिंकली. २०१६ मध्ये जपानी फॉर्म्युला थ्रीत दुसरा, आणि २०१७ मध्ये सुपर फॉर्म्युलात, ‘जपानचा सर्वात वेगवान माणूस’ म्हणून ओळखले गेलेले काझुयोशी होशिनो यांच्या इम्पुल संघात. तिथे त्याचा एकच मोसम झाला. हे मी मुद्दाम सांगतोय. गेमनं दार उघडलं, पण दोघांनाही मध्ये कित्येक वर्षं खऱ्या गाड्यांत काढावी लागली. तुमचा मुलगा गेम खेळतो म्हणून उद्या जपानला जाईल असं नाही, आणि गेम खेळतो म्हणजे वेळ फुकट घालवतो असंही नाही.

पायरी ८: आता रेस बघा

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. रेस तिथे बहुतेक दुपारी अडीच-तीनला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे सकाळी अकरा-साडेअकरा. रविवारी याहून सोयीची वेळ नाही. पोहे खाऊन बसायचं, जेवणाआधी निकाल.

आयोजकांचं एसएफगो हे ॲप घ्या. त्यात हव्या त्या ड्रायव्हरच्या गाडीतला कॅमेरा लावता येतो, त्याचा वेग, ॲक्सिलरेटर, ब्रेक दिसतो, पिटमधल्या संघाशी चाललेलं बोलणं ऐकू येतं. मुख्य प्रक्षेपणापेक्षा नवशिक्याला हे जास्त उपयोगी आहे. कारण आता तुम्हाला फक्त एकच काम करायचंय: एका ड्रायव्हरसोबत पात्रता फेरीची एक लॅप, आणि तुमची नजर एस कर्व्हवर. तो पहिल्या डाव्या वळणाला कसा थांबतो ते बघा. तुमची चूक आठवेल.

पात्रता फेरीत आधी दोन गट, आणि प्रत्येक गटातले सहा जण अंतिम फेरीत. वेळ थोडा असतो आणि टायर आधी गरम करून ठेवायला परवानगी नसते, त्यामुळे गाड्या नागमोडी करत टायर तापवताना दिसतील. रेसमध्ये टायर बदलून परत आलेली गाडी याच कारणानं पहिली लॅप घसरत-घसरत काढते, आणि तेव्हाच मागचा तिला गाठतो. पिट स्टॉपनंतरची ती एक लॅप कधीही चुकवू नका, रेसचा निम्मा निकाल तिथे लागतो.

गुण पहिल्याला २०, दुसऱ्याला १५, तिसऱ्याला ११, असे खाली दहाव्यापर्यंत. पात्रता फेरीत पहिल्या तिघांना वेगळे तीन, दोन, एक. छोटे आकडे वाटतात, पण २०१७ मध्ये सुझुकाच्या शेवटच्या दोन रेस वादळामुळे रद्द झाल्या आणि गॅस्लीचं अजिंक्यपद अर्ध्या गुणानं गेलं. हिरोआकी इशिउरा विजेता ठरला. तेव्हापासून पात्रता फेरीच्या त्या एका गुणाकडे मी आदरानं बघतो.

पहिल्यांदा बघायला कोणती रेस? गेल्या काही मोसमांत शेवट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुझुकालाच झालाय. तोवर तुमच्या हाताला तिथलं प्रत्येक वळण पाठ झालेलं असेल. आदल्या रात्री गेममध्ये दहा लॅप मारा, स्टिअरिंग टेबलालाच राहू द्या, आणि सकाळी साडेअकराला ॲपमध्ये फ्रागाच्या गाडीतला कॅमेरा लावा.